टेम्पो डावीकडे जात होता

नाना,

मी काय काम करते हे तुम्हाला मी कधी नीट सांगितलंच नाही. नोकरी लागली तेव्हा तुम्ही फूलबाजारात सगळ्यांना सांगत होतात की आमची पोरगी विमानं बनवते. मी एकदा म्हणाले, बनवत नाही, तपासते. त्यावर तुम्ही शेवंतीच्या करंडीवरची नजर न हलवता म्हणालात, "म्हंजे फिटर." मला राग आला होता. इतकं शिकून फिटर म्हणवून घ्यायची माझी तयारी नव्हती. आता वाटतं, तुम्ही फार चुकला नव्हतात. तुम्ही जाऊन वीसेक वर्षं झाली आणि आज रविवारी दुपारी, घरात कुणी नसताना, मी ते काम तुम्हाला समजावून सांगायला बसले आहे. त्याला कारण आहे. ते ओघात येईलच.

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत आमची एक शेड आहे. बाहेरून कुणालाही गोदाम वाटेल. आत काळे पडदे लावलेली एक खोली आहे आणि खोलीत विमानाचा फक्त पुढचा भाग, पायलट बसतो तेवढाच, जमिनीला बोल्टने पक्का बसवलेला. पंख नाहीत, इंजिन नाही. समोर अर्धगोल पडदा, त्यावर शेतं, डोंगर, धावपट्टी दिसते. जुन्या विमानात पायलटने दांडा ओढला की तार ओढली जायची आणि तारेने पंखावरची फळी हलायची. आता मध्ये कॉम्प्युटर असतो. दांडा किती हलला ते तो वाचतो आणि फळी किती हलवायची, किती पटकन हलवायची, ते तो ठरवतो. त्याने काय ठरवावं हे आम्ही ठरवतो. पण आम्ही कागदावर ठरवलेलं माणसाच्या हाताला कसं लागतं हे हातालाच विचारावं लागतं. म्हणून खऱ्या विमानात ते बसवण्याआधी आम्ही पायलटना बोलावतो, त्या खुर्चीत बसवतो आणि पुन्हा पुन्हा तीच एक गोष्ट करायला लावतो. वारा आडवा आहे, विमान धावपट्टीच्या जरा बाजूला आलंय, शेवटच्या काही क्षणांत ते मध्यावर आणून टेकवा. टेकवलं की पायलटने एक आकडा सांगायचा, एक ते दहा. लहान आकडा चांगला, मोठा वाईट. आणि यातली गोम तुम्हाला आवडली असती, नाना. आम्ही त्याला नुसतं विमान नीट टेकलं का हे विचारत नाही. ते टेकवायला तुम्हाला किती राबावं लागलं, हे विचारतो. उत्तम टेकवलं पण जीव मेटाकुटीला आला, तर आकडा मोठा यायला हवा. कारण उद्या त्या जागी दुसरा कुणी असेल, थकलेला असेल, घाबरलेला असेल.

आकडा येईपर्यंत आमच्याकडे कुणी बोलत नाही. "छान" म्हणायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही, त्याला आलेख दाखवायचा नाही. चहासुद्धा द्यायचा नाही. हा शेवटचा नियम आमच्या शेडचा स्वतःचा आहे. चहावाला किटली घेऊन दारात आला आणि आत आकडा यायचा असला की तो आपणहून उंबऱ्याबाहेर थांबतो. चहा समोर आला की माणूस सैल होतो, सैल झाला की मनात मोठा असलेला आकडा तोंडातून लहान निघतो, असं आमच्या लक्षात आलं होतं.

आमचे मुख्य पायलट म्हणजे कॅप्टन. हवाई दलातून निवृत्त झालेले, साठीला आलेले, मूळचे विदर्भातले. त्यांच्यासारखा हात मी पाहिलेला नाही. बोटांच्या टोकांवर दांडा धरतात, जणू उकडलेलं अंडं सोलायचं आहे. या विमानाच्या कामात ते पहिल्या दिवसापासून आहेत. आम्ही काही बदललं की ते येतात, बसतात, उडवतात, आकडा सांगतात. दोन-अडीच महिन्यांपूर्वी त्यांनी सांगितलं, तीन. तीन म्हणजे उत्तम. साहेबांनी, म्हणजे आमच्या प्रमुखांनी, त्याच दिवशी अहवाल लिहायला घ्या म्हणून सांगितलं. अहवाल गेला की पुढची पायरी खरं विमान आणि त्यात खरा माणूस. पण नियमाप्रमाणे आणखी एक पायलट लागतो म्हणून बाहेरून एक तरुण मुलगा बोलावला होता. त्याने हे आमचं यंत्र आधी कधी पाहिलेलं नव्हतं. धावपट्टी जवळ आली आणि त्याचं विमान डोलायला लागलं. डावीकडे, उजवीकडे, जितकं सावरायला जावं तितकं जास्त. शेवटी पंखाचं टोक जमिनीला लागलं. पडद्यावर लागलं म्हणून बरं. घाम पुसत तो म्हणाला, आठ. पुन्हा केलं, पुन्हा आठ.

चहा आल्यावर साहेब म्हणाले, अनुभव कमी आहे. कॅप्टन हसले. वाईट हसले नाहीत, प्रेमानेच हसले, आणि त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हात कच्चा आहे अजून. होईल."

माझ्या हातातला कप तसाच राहिला, नाना. कारण हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं.

तुम्ही मला टेम्पो शिकवला ते दिवस मला आजही वासासकट आठवतात. झेंडूचा उग्र वास, ओल्या गोणपाटाचा वास, डिझेलचा. मखमलाबादच्या आपल्या रानातून पहाटेची फुलं तुम्ही बाजारात टाकून यायचात आणि परत आल्यावर, टेम्पो रिकामा असताना, मला बसवायचात. मी बुटकी. काचेतून मला नुसतं आभाळ दिसायचं. मग तुम्ही आईच्या जुन्या गोधडीची एक जाड बैठक शिवून आणलीत, स्वतः दाभणाने शिवलेली, आणि काही न बोलता सीटवर टाकलीत. माझ्या आयुष्यात मला मिळालेल्या भेटींपैकी तिच्याहून उपयोगाची दुसरी आठवत नाही. आजही पायलट खुर्चीत बसला की पहिली पाच मिनिटं मी त्याची खुर्ची वरखाली करण्यात घालवते. नव्या पोरांना ती वेळ फुकट गेली असं वाटतं.

पहिल्याच दिवशी मी ब्रेक दाबला आणि टेम्पो डावीकडे गेला, बांधाकडे. मी म्हणाले, "नाना, ही डावीकडे जातीय." तुम्ही म्हणालात, "गाडीला नावं ठिवू नको. तुझा हात कच्चा हाय." तुमच्या आवाजात राग होता, कारण टेम्पो तुमचा होता, कष्टाचा होता, आणि कॉलेजात गेलेली पोरगी त्याला नावं ठेवत होती. मी गप्प बसले. दोन-तीन महिन्यांत तो मलाही डावीकडे जाईनासा झाला. मला वाटलं, शिकले.

मग ते दसऱ्याच्या आदल्या दिवशीचं. तुम्हाला ताप होता, अंगावर घोंगडी घेऊन ओट्यावर पडून होतात. झेंडू तोडून भरलेला, भाव चढलेला, घोटीचा व्यापारी वाट बघत होता. काका म्हणाले, मी जातो. काकांना चालवता येत होतं, पण हा टेम्पो ते वर्षानुवर्षं चालवत नव्हते, ते रान बघायचे. घोटीच्या अलीकडे रस्त्यावर म्हैस आली, काकांनी जोरात ब्रेक मारला, टेम्पो डावीकडे गेला, मोरीच्या कठड्यावर चढला आणि उलटला. काकांचा पाय खाली सापडला. पाय राहिला पण पुन्हा सरळ झाला नाही.

मेस्तरीने चाकं उघडली तेव्हा मी तिथे होते. पुढच्या उजव्या चाकाच्या ड्रममध्ये ऑइल उतरलेलं होतं. त्यामुळे उजवा ब्रेक धरतच नव्हता, डावा एकटाच धरत होता. मेस्तरी हात पुसत म्हणाला, "हे आजचं नाय. वरीस झालं असंल, थोडं थोडं उतरतंय. चालवनाराला कळलं नाय असं व्हतच नाय." त्या एका वाक्याने घर दुभंगलं. तुम्ही पुन्हा पुन्हा सांगत राहिलात की गाडी सरळ चालत व्हती, माझ्या हाताखाली कधी हालली नाय. आई चुलीपाशी मान खाली घालून बसलेली. काकू परातीत पीठ मळत होत्या, थांबल्या, आणि पिठाकडेच बघत म्हणाल्या, "सरळच चालत आसंल. भावजींच्या वाटंची सरळ आन् आमच्या वाटंची मोरीत." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मला ते पाहणं कळलं, की आठवतंय ना तू काय म्हणाली होतीस. मी नजर हलवली नाही आणि बोललेही नाही. पण मनात निवाडा करून टाकला. मी सांगितलं होतं. यांना माहीत होतं.

त्याहून वाईट पुढे झालं. मेस्तरीने ब्रेक नवे केले, टेम्पो घरी आणायला तुम्ही गेलात. अंगणात उभा करून उतरलात आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "मेस्तरीनं बिघडवली. आता उजवीकडं जाती." काका बाजेवर पाय पसरून पडले होते, त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. काकू हसल्या, ते हसणं अजून माझ्या कानात आहे. मला तुमची लाज वाटली. इतकं झालं तरी हा माणूस आपला हेका सोडत नाही. चूल वेगळी झाली, रान वाटलं गेलं, तुम्ही टेम्पो विकलात आणि पुन्हा कधी कुठली गाडी चालवली नाहीत. बसमध्ये, कुणाच्या जीपमध्ये, पुढे बसायचात आणि मांडीवर ठेवलेला तुमचा उजवा हात गाडी थांबताना जरासा हलायचा. मला ते दिसायचं. मला वाटायचं, सवय.

आणि शेवटच्या आजारपणात, जेव्हा तुमचं बोलणं कमी झालं होतं, एका दुपारी मी तुम्हाला मऊ भात भरवत होते तेव्हा तुम्ही घास तोंडात धरून विचारलंत, "खरंच जात व्हती का गं डावीकडं?"

मी म्हणाले, "झालं ते झालं, नाना. जेवा."

तर त्या दिवशी शेडमध्ये, कॅप्टनच्या तोंडून ते वाक्य ऐकल्यावर, सगळे गेल्यावर मी आलेख काढून बसले. विमानाची वाट दाखवणारी एक रेघ असते आणि हाताची दुसरी. त्या मुलाच्या हाताची रेघ भाबडी होती, कळलं की हलवलं, उशिरा हलवलं, जास्त हलवलं. कॅप्टनच्या विमानाची वाट सुतासारखी सरळ आणि हाताची रेघ मात्र करवतीच्या पात्यासारखी, शेवटच्या टप्प्यात सतत दात. विमानाने अजून चूक केलेली नाही तेव्हाच हात पुढे जातो आणि परिणाम दिसायच्या आधी मागे येतो. मग मी मागच्या महिन्यांचे आलेख काढले, अगदी पहिल्या चाचणीपर्यंत. पहिल्या चाचणीत त्यांचा हात शांत होता. नंतर आम्ही दुसऱ्या काही गोष्टी सुधारत गेलो, धक्के कमी कर, थरथर कमी कर, आणि प्रत्येक सुधारणेत दांड्याचं म्हणणं विमानाला पोचायला जरा जरा उशीर होत गेला. एका वेळी लक्षात येणार नाही इतका. दर वेळी कॅप्टन आले, त्यांच्या हाताने तेवढं भरून काढलं आणि आकडा तीनच राहिला. थोडं थोडं उतरत होतं, नाना.

साहेबांना दाखवलं. साहेब वाईट माणूस नाहीत. ते म्हणाले, आलेख तुम्ही वाचताय, विमान ते चालवतात. तीस वर्षं उडवलेल्या माणसाला तुम्ही सांगणार की तुम्हाला कळत नाही? त्यांनी म्हटलं तर मी मानतो. ते म्हणणार नाहीत आणि मुदत पुढे ढकलली जाणार नाही. मी कॅप्टनशी बोलायचं टाळत राहिले. कसं बोलणार? खोटं बोलताय असं म्हणायचं नव्हतं, कारण ते खोटं बोलत नव्हते. दुसरं काय म्हणायचं त्याला मला शब्द सापडत नव्हते.

एका संध्याकाळी त्यांची गाडी गॅरेजला होती म्हणून मी त्यांना नाशिकपर्यंत सोडायला निघाले. टोल नाका ओलांडल्यावर ते म्हणाले, "मॅडम, एक विचारू? ब्रेक लावताना तुम्ही स्टिअरिंग उजवीकडे का ओढता?"

मी म्हणाले, मी ओढत नाही.

"ओढता. जरासंच. आणि लगेच सोडता. सिन्नरपासून बघतोय."

मी म्हणाले, गाडीचं अलाइनमेंट बिघडलं असेल. तेव्हा ते मोठ्याने हसले. म्हणाले, "हे वाक्य आमचं आहे मॅडम, पायलट लोकांचं. तुम्ही कुठे चोरलं?" मग त्यांनी मला सर्व्हिस रोडला घ्यायला लावलं. रस्ता मोकळा होता. म्हणाले, हात सैल ठेवा आणि ब्रेक दाबा. दाबला. गाडी रेघेसारखी सरळ थांबली. म्हणाले, आता नेहमीसारखं चालवा, माझ्याशी बोलत राहा. मी काहीतरी बोलत राहिले, कांद्याच्या भावाचं, त्यांच्या सुनेचं, आणि ते मध्येच म्हणाले, थांबा. मी ब्रेक दाबला आणि माझ्याच डोळ्यांनी माझा उजवा हात खाली ओढला जाताना पाहिला. ज्या गाडीला कधी काही झालेलं नाही त्या गाडीत. जो टेम्पो मी कॉलेजात असताना विकला गेला, त्याच्यासाठी.

मी गाडी बाजूला घेतली. मग मी त्यांना तुमचं सगळं सांगितलं. गोधडीची बैठक, झेंडू, घोटीची मोरी, काकांचा पाय, मेस्तरीचं वाक्य. ते ऐकत होते. शेवटी मी म्हणाले, "कॅप्टन, तुमचा तीन खरा आहे. तुम्ही खरंच सांगताय. पण तुमचा हात तुम्हाला सगळं सांगत नाहीये."

त्यांचा चेहरा मी अंधूक उजेडात पाहिला आणि लगेच रस्त्याकडे बघितलं. द्वारकेच्या चौकात मी त्यांना सोडलं. उतरताना दार धरून म्हणाले, "उद्या दाखवा."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना आलेख दाखवला नाही. नियमाप्रमाणे काही न सांगता खुर्चीत बसवलं आणि यंत्रात अगदी पहिलं, काही न बदललेलं सॉफ्टवेअर घातलं. उशीर नसलेलं. सरळ. त्यांनी सुरुवात केली, धावपट्टी जवळ आली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा कॅप्टनचं विमान डोलताना पाहिलं. त्यांनी सावरलं, टेकवलं, पण वेडंवाकडं. दारात चहावाला किटली घेऊन उभा होता. कॅप्टन म्हणाले, "सहा. काय केलंत हे? बिघडवलंत."

डोळ्यांसमोर आपलं अंगण आलं, भिंतीकडे तोंड केलेले काका आले आणि टेम्पोच्या दारावर हात ठेवून उभे असलेले तुम्ही. आता उजवीकडं जाती. तुम्ही हेका धरला नव्हता, नाना. तुम्ही आकडा सांगत होतात. तुमच्या हाताला जे लागलं ते प्रामाणिकपणे आम्हा सगळ्यांसमोर सांगत होतात आणि त्याहून मोठा पुरावा तुमच्या बाजूने दुसरा नव्हता. ज्याला दोष माहीत असतो तो दुरुस्त झालेल्या गाडीला बिघडली म्हणत नाही. आम्ही मात्र ते हसण्यावारी नेलं.

मी कॅप्टनना सांगितलं की हे पहिलं आहे, चांगलं आहे. ते खुर्चीतून उठले नाहीत. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि त्यांच्याकडे, म्हणजे हातांकडे, बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे सरळ ते मला वाकडं लागतंय." साहेब मागे उभे होते. कॅप्टननी स्वतःच सांगितलं की माझा तीन धरू नका, मला आता फरक कळत नाही, नवे हात आणा. तीस वर्षांच्या पायलटच्या तोंडून हे वाक्य निघणं म्हणजे काय ते मला कळत होतं. मला जे हवं होतं तेच ते बोलत होते आणि तरी मला ते ऐकवेना. पुढे बाहेरून दोघं आले, दोघांचेही आकडे वाईट आले. काम मागे गेलं. आता आम्ही तो उशीर काढतो आहोत. मुदत हुकली, साहेब माझ्याशी कामापुरतं बोलतात. त्याचं मला फारसं काही नाही. कॅप्टन येत नाहीत, त्याचं आहे. त्यांनी कळवलं की माझा हात आता तुमच्या यंत्राचा झालाय, माझा उपयोग नाही. परवा फोन केला तर मोकळेपणाने बोलले, पण शेवटी म्हणाले, "मॅडम, हल्ली स्कूटर चालवतानाही हाताकडे बघतो. बघायला लागलो की चालवता येत नाही." आणि हसले. मी हसले नाही. तुम्हाला मांडीवर हात ठेवून बसलेलं मी इतकी वर्षं पाहिलं होतं.

माझं चुकलं का? त्या मुलाच्या जागी खऱ्या विमानात कुणी असतं आणि पंख खऱ्या जमिनीला लागला असता, तर त्याच्या घरी काय सांगितलं असतं हे मला माहीत आहे. हात कच्चा होता, असं सांगितलं असतं. त्यामुळे चुकलं नाही. एवढं पक्कं असूनही रात्री झोप नीट लागत नाही.

गेल्या आठवड्यात मी काकूंकडे गेले. काका जाऊन आता काही वर्षं झाली, काकू थकल्यात पण कान तिखट आहेत. त्या शेवंतीच्या पाकळ्या निवडत होत्या. मी त्यांच्याजवळ बसून सगळं सांगितलं, विमानाचं सोडून, टेम्पोचंच. की ऑइल थोडं थोडं उतरलं, नानांचा हात थोडा थोडा वळला, त्यांना खरंच लागत नव्हतं, मलाही लागेनासं झालं होतं. काकूंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "म्हंजे दोष कुनाचाच नाय म्हन की."

मी म्हणाले, तसंच काहीसं.

"मंग ह्यांचा पाय काय हवेनं मोडला?"

मी निघताना त्यांनी ओंजळभर शेवंती माझ्या पिशवीत टाकली आणि म्हणाल्या, तुझ्या बापाच्या फोटोला घाल. चूल वेगळी झाल्यापासून त्यांनी तुमचा उल्लेख असा कधी केला नव्हता. ते माफ करणं होतं की नुसती फुलं जास्त झाली होती, मला ठरवता आलं नाही. फुलं मी घातली.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं आहे. भाताचा घास तोंडात धरून विचारलेल्या. हो नाना, जात होती. डावीकडे जात होती, वर्षभर तरी. आणि ती तुमच्या हाताखाली सरळ चालत होती हेही तितकंच खरं आहे. ही दोन वाक्यं एका घरात एकत्र ठेवता येतात हे मला तेव्हा कळतं, तर मी चमचा खाली ठेवून तुम्हाला तेवढं तरी म्हणाले असते.

हे पत्र टाकायला कुठे पेटी नाही, त्यामुळे एक शेवटची गोष्टही लिहून टाकते. माझ्या हाताची ती सवय मोडायची कशी हे मला चांगलं माहीत आहे. मोकळ्या रस्त्यावर चार-आठ दिवस हात सैल ठेवून ब्रेक दाबायचा, बस. हातांच्या अशा सवयी ओळखूनच मी पगार घेते. कॅप्टननी मला दाखवलं त्याला आता महिना होईल. मी अजून त्या रस्त्याला गेलेले नाही. रोज सिन्नरहून येताना टोल नाका जवळ येतो, मी ब्रेक दाबते, आणि हात उजवीकडे जातो तेव्हा मी त्याला जाऊ देते.